बुधवारच्या बाया

आमच्या गावात त्यांना नन कोणी म्हणत नसे. सिस्टर हा शब्दही पुढं आला. आम्ही त्यांना बुधवारच्या बाया म्हणायचो, कारण त्या बुधवारी यायच्या. अमरावतीहून वलगावपर्यंत मोटारीनं आणि तिथून पुढं दोन कोस काळ्या मातीतून बंडीनं. दुपारी बाराच्या सुमारास पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरापलीकडे दोन पांढरे ठिपके दिसायला लागत. उन्हात हवा अशी थरथरत असे की बंडीही दिसत नसे, बैलही दिसत नसत. दोन पांढऱ्या बाया पऱ्हाटीच्या शेंड्यांवरून तरंगत येताहेत असं वाटायचं. मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि मला ते खरंच वाटायचं.

माझी माय चतुराबाई सगळ्यांना सांगायची, "आमची पंचफुला उभ्या उभ्या झोपते." त्यात काही खोटं नव्हतं. मला जागेपणीच स्वप्नं पडत. निंदताना माझी ओळ चुकायची, भाकर करपायची, आणि कोणी पाठीत धपाटा घातला की मग मी कुठल्या तरी लांबच्या मुलखातून परत यायची. माय म्हणायची, या पोरीचं सासरी कसं होईल. मलाही तीच काळजी होती.

त्या दोघींतली म्हातारी होती ती सिस्टर मेलानी. बर्फाच्या कुठल्या तरी देशातली. चेहरा लाल, भुवया पांढऱ्या, आणि बोलणं असं अस्सल वऱ्हाडी की नवा माणूस दचकून मागं पाहायचा. "काहून व माय, डोळे चोळून चोळून फोडतं का?" असं ओरडत ती एकेकीच्या डोळ्यांत औषध घालायची. तरुण होती ती सिस्टर ल्युसी, वसईकडची. ती पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलायची, आणि गंमत अशी की तिचं आमच्या बायांना निम्मं कळत नसे. मग गोरी मेलानी काळ्यासावळ्या ल्युसीचं मराठी आमच्या बायांना समजावून सांगायची.

त्या कधी एकट्या येत नसत. दोघीच. एक आजारी पडली तर दुसरीही यायची नाही. माझी खात्री होती की त्यांना एकाच ठाणातून कापलेलं आहे आणि वेगळं केलं तर उसवतील.

आमच्या पुऱ्यात, गावाबाहेरच्या आमच्या वस्तीत, चार खांब आणि वर तुराट्यांचं छप्पर अशी एक जागा होती. छप्पन साली बानं, म्हणजे माझ्या वडलांनी, देवमननी, घरातले देव पेढी नदीत सोडले. तेव्हापासून दर रविवारी पुऱ्यातली माणसं त्या छपराखाली वंदनेला जमत, आणि बुधवारी तिथंच मेलानीचा दवाखाना भरे. बा बौद्ध झाला तो पुस्तकं वाचून आणि भाषणं ऐकून. माय बौद्ध झाली ती आपल्या पद्धतीनं. तिनं एकच नियम केला. जो आपल्या घरचं पाणी पीत नाही, त्याच्या उंबऱ्यात आपण पाय ठेवायचा नाही. नत्थुजी पाटलाच्या घरचं लग्नातलं उरलेलं अन्न आणणं तिनं त्या वर्षी बंद केलं, अंगणातली कामं सोडली, आणि पाटलीणबाईनं सांगावा धाडला तेव्हा म्हणाली, "येतो. पयले माह्या घरी येऊन गिलासभर पाणी पिऊन जा म्हणा." पाटलीणबाई काही आली नाही.

सत्तावन सालच्या थंडीत माझा धाकटा भाऊ मोतीराम सहा महिन्यांचा होता. त्याच्या छातीत कफ भरला, बरगड्या आत-बाहेर व्हायला लागल्या. पुऱ्यातल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, डब्बा झाला, पोटावर डाग द्या. तो बुधवार होता हे आमचं नशीब. मेलानीनं डागणी तापवणाऱ्या म्हातारीला अशी शिवी घातली की ती कुठल्या देवाच्या बाईच्या तोंडी शोभणारी नव्हती, आणि पोराला सुई टोचली. मग सलग तीन दिवस त्या दोघी बंडीनं येत राहिल्या. चौथ्या दिवशी मोतीराम अंगावर प्यायला लागला.

मायनं बाला वलगावच्या बाजारात पाठवून निळ्या फुलांच्या दोन नव्या कपबश्या आणवल्या. शेळीच्या दुधाचा, गूळ घातलेला चहा केला. आमच्या घरात कपबशी ही पहिलीच. ती दोन्ही हातांत धरून माय मेलानीसमोर उभी राहिली, आणि मेलानीनं हात जोडले.

"चतुराबाई, नाई घेऊ शकत म्या. राग नको मानू."

"पाणी तरी घ्या, बाई."

"पाणीबी नाई. आमचा तसा नियम हाये."

 मायनं चहा अंगणात ओतला. कोंबड्या धावत आल्या. त्यानंतर कितीतरी वर्षं औषधासाठी आम्हा पोरांना ती छपराखाली पाठवायची, पण स्वतः मेलानीशी एक शब्द बोलली नाही. पोराचा जीव वाचवणाऱ्या बाईवर राग धरता येत नाही आणि तिनं नाकारलेला चहा गिळताही येत नाही, अशी तिची गत झाली होती. मला मात्र तेव्हा मायचाच राग आला. मला वाटलं, आता त्या पांढऱ्या बाया येणं सोडून देतील.

त्या येत राहिल्या, आणि मी ल्युसीच्या मागं लागले. ती पट्ट्या गुंडाळायची आणि मी प्रश्न विचारायची.

"तुमच्या कॉन्व्हेंटात कोण राहते?"

"आम्ही बावीस जणी."

"अन् मालक?"

"मालक नाही. एक मदर असते, तिचं ऐकायचं."

"सासू?"

"कुणाचीच नाही."

"मंग सयपाक कोणासाठी करता?"

"एकमेकींसाठी."

ती माझी थट्टा करतेय असं वाटून मी रुसून बसले. बावीस बाया, एक घर, आणि कोणाच्याच डोक्यावर सासू नाही! असं कुठं असतं का? पण ल्युसीला बोलायला आवडायचं. ती सांगायची, अशी घरं दीड हजार वर्षांपासून आहेत. राजाला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं त्या काळात या घरांतल्या बाया पुस्तकांच्या नकला हातानं काढत. औषधी झाडं लावत, आजाऱ्यांना सांभाळत, शेतंभातं चालवत. काहींना बापानं हुंडा परवडत नाही म्हणून आत ढकललेलं असे, आणि त्या जन्मभर खिडकीशी बसून रडत. काही मात्र लग्नाच्या मांडवातून पळून आलेल्या असत. मी विचारलं, "तू कोणती?" ती म्हणाली, "मी सरळ चालत आले." आणि हसली.

रविवारी छपराखाली बा पोथीतून वाचायचा. बुद्धाच्या काळीही बाया घर सोडून निघाल्या होत्या. त्यांत राणी होती, आणि नदीवरून पाणी वाहणारी दासीही होती. भिक्खुणी म्हणत त्यांना. त्या मुंडण करून, हातात पात्र घेऊन गावोगाव फिरत. बा वाचत असे आणि माझे डोळे उघडे असून मिटत. वलगावच्या रस्त्यानं एकीकडून पिवळ्या वस्त्रांतल्या बायांची रांग येते आहे, दुसरीकडून पांढऱ्या कपड्यांतल्या बायांची. नाल्याजवळच्या चिंचेखाली त्या भेटतात. एकमेकींना विचारतात, तुमच्याकडे पाऊस कसा आहे, पायाला भेगा पडल्यात का. मग सगळ्या सावलीत बसतात आणि कोणालाच घरी जायची घाई नसते. हे स्वप्न मी चारपाच वर्षं पाहिलं. दरवेळी मी त्यांच्याजवळ जाऊन बसायची आणि दरवेळी मायची हाक यायची.

एकसष्ट साली मी सातवी पास झाले. आमच्या पुऱ्यातली पहिली मुलगी. त्याच उन्हाळ्यात दर्यापूरचे किसनराव आपल्या मुलासाठी मला पाहून गेले. मुलगा जिनिंगात कामाला होता, चांगला होता असं सगळे म्हणत. दिवाळीनंतर लग्न करायचं ठरत आलं.  मी मुलाला नाही म्हणत नव्हते, मी मुलाला पाहिलंच नव्हतं. मला इतकंच माहीत होतं की एकदा दर्यापूरला गेले की मी आयुष्यभर जागी राहणार.

त्या जूनमध्ये मेलानी बाला म्हणाली, "देवमन, हे पोट्टी मले दे. वसतिगृहात ठेवतो, मॅट्रिक करतो, मंग नर्स करतो. तुमचा धर्म तिचा तिच्यापाशी राहीन, शब्द देतो. हे पोट्टी हुशार हाये, फक्त जागी करा लागते."

बाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो घरी आला आणि मायला सांगितलं. माय ज्वारी पाखडत होती. सूप खाली न ठेवता म्हणाली, "त्या आपल्या घरचं पाणी पेत नाईत."

"अवं, पण पोरीचं कल्याण होईन."

"दर्यापूरचे लोक आपल्या ताटात जेवून गेले. तठी कल्याण नाई का? ज्याले माह्या घरच्या पाण्याचा विटाळ, त्याच्या घरी माही पोर उष्टी काढाले जाणार नाई."

 दोन दिवसांनी बा मला म्हणाला, "चाल अमरावतीले. सिस्टरले नाई म्हणून सांगून येऊ. मायले सांगू नको." नाही म्हणायला मला कशाला नेत होता ते त्यालाच ठाऊक. मला वाटतं, त्याला मला एकदा ते घर दाखवायचं होतं.

मी ते घर पाहिलं. आत शिरताच उन्हाचा आवाज बंद झाला. लांब गार व्हरांडे, लाल फरशी, कांजीचा आणि ओल्या मातीचा वास. कुठंतरी घंटा वाजली आणि दहा बाया दहा दारांतून निघून एका दिशेनं चालू लागल्या, पावलांचा आवाज न करता. बा दारापाशी बाकावर बसला होता. मी त्या बायांच्या मागं निघाले. खरंच सांगते, मी ठरवून गेले नाही. माझे पाय गेले.

एका दाराच्या फटीतून मी पाहिलं. लांबच लांब टेबलं. सगळ्या भिंतीकडे पाठ करून एका ओळीत बसलेल्या. समोर ताटल्या. कोणी कोणाशी बोलत नव्हतं, मान वर करत नव्हतं. एक जण उंच जागेवर उभी राहून परक्या भाषेत काहीतरी वाचत होती आणि बाकीच्या तिच्या आवाजाखाली पाव चावत होत्या. गावभर ओरडणारी मेलानी तिथं खाली मान घालून जेवत होती. तिच्या डोक्याच्या वर भिंतीवर पंख्याची सावली फिरत होती. मला वाटलं, या जागेत शंभर वर्षं गेली तरी कोणाला कळणार नाही.

कोणीतरी माझा दंड धरला. ल्युसी होती. तिनं मला दारापासून मागं ओढलं.

"इथं पाहू नकोस. आम्हाला जेवताना बाहेरच्या कुणी पाहायचं नसतं."

"काहून?"

"नियम आहे, फार जुना. आम्ही बाहेरच्यांसमोर खात नाही, पीत नाही. मागं कलेक्टरांच्या बाईंनी चांदीच्या पेल्यातून सरबत दिलं होतं, तेही घेतलं नाही. माझी आई वसईहून भेटायला आली, तिच्यासोबतही मी जेवले नाही. ती बैठकीच्या खोलीत एकटी जेवली आणि मी दारापाशी उभी होते."

मी धावत बापाशी गेले आणि तो मेलानीला नाही म्हणून सांगायच्या आतच त्याला ओढत बाहेर आणलं. मोटारीत, बंडीत, घरापर्यंत मला दम निघत नव्हता. आता सगळं सुटणार होतं. मी मायला धापा टाकत सांगितलं, त्या कोणाच्याच घरचं घेत नाहीत, कलेक्टरच्या नाही, सख्ख्या आईसोबत नाही!

मायनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तं मंग त्या सगळ्यायचाच विटाळ धरतेत."

"विटाळ नाई, माय! नियम हाये त्यायचा!"

"मनूचाबी नियमच होता, बाई."

 मी रागानं भांडी आपटली आणि दिवसभर जेवले नाही.

पुढच्या बुधवारी दवाखाना उठत आला तेव्हा माय स्वतः छपराखाली आली. चार वर्षांनी. पदर खोचलेला. बायका बाजूला झाल्या.

"बाई, एक इचारू?"

"इचार ना व," मेलानी म्हणाली.

"आमच्या बुद्धाच्या संगतीनं बाया होत्या, तुमच्यासारक्या. घरदार सोडेल. त्या रोज सकाळी पात्र घेऊन दारोदार जात. राजाच्या दारी जात, झाडूवाल्याच्याबी दारी जात. ज्यानं जे टाकलं ते खात. आन तुमी कोणाच्याच घरचं खात नाई. हा असा कसा तुमचा संन्यास?"

मेलानीनं बाटलीचं बूच लावलं. पुन्हा काढलं. पुन्हा लावलं.

"म्या देवासमोर शब्द देल्ला हाये, चतुराबाई. मोडता येत नाई."

"माही पोरगी तुमाले तुमच्या उंबऱ्याच्या आत पायजे. मंग पयले माह्या उंबऱ्याच्या आत या. माह्या तव्यावरची भाकर खा, माह्यासमोर. पोरगी तुमची. नाई तं ते दर्यापूरले जाईन."

ल्युसी घाईघाईनं म्हणाली, "सिस्टर, चला. आपण मदरना विचारू. परवानगी मिळाली तर पुढच्या बुधवारी..."

"मदर नाई म्हणीन," मेलानी म्हणाली. "तिले नाईच म्हणा लागते. तिचंबी काई चालत नाई."

ती माझ्याकडे पाहत राहिली. त्या दिवशी मी अगदी टक्क जागी होते. मग ती उठली, हात धुतले आणि आमच्या घराकडे चालू लागली. ल्युसीला मागून यावंच लागलं, कारण एकटं सोडायचं नाही हाही नियमच.

घरात मायनं तिला पाट दिला. चुलीवर तवा होता. मायनं ज्वारीची भाकर थापली, भाजली, ताटलीत ठेवली. वर बेसन, कांदा, मिठाचा खडा. पाण्याचा गिलास. मेलानी ल्युसीला म्हणाली, "तू तिकडं तोंड कर, डोळे मीट अन् माळ ओढ. तुले काई दिसलं नाई, काई मालूम नाई." ल्युसी भिंतीकडे वळली. तिच्या ओठांचा पुटपुटण्याचा आवाज येत होता.

मेलानीनं कपाळ, छाती, खांदे असं बोट फिरवलं आणि भाकर मोडली. तीस वर्षं वऱ्हाडात काढलेल्या बाईला एका हातानं भाकर मोडता येत नव्हती. कोणासमोर बसून खाल्लीच कुठं होती? तिनं दोन्ही हातांनी पावासारखी फाडली. पहिला घास तोंडात घातला. तिचा हात थरथरत होता, बेसन बोटावरून ओघळलं. माय समोर उभी राहून पाहत होती, पापणीही न हलवता.  मेलानीनं एकेक घास करून सगळं संपवलं, ताटलीतला शेवटचा तुकडाही उचलला, आणि गिलासभर पाणी प्याली.

"आता पोट्टी देशीन?"

"देल्ली," माय म्हणाली.

त्यानंतर दोन बुधवार ल्युसीसोबत वेगळीच सिस्टर आली. आम्हाला वाटलं, मेलानीला दुसरं काही काम असेल. तिसऱ्या आठवड्यात बानं माझी पत्र्याची पेटी डोक्यावर घेतली आणि मला अमरावतीला पोचवलं. मी त्या लाल फरशीवर पाय ठेवला तेव्हा मला हसूच आवरेना. मी ल्युसीला विचारलं, "मेलानी कोठी हाये?"

ल्युसीनं मला बागेत नेलं. तिथं कण्हेरीमागं उभी राहून ती सांगायला लागली. दर शुक्रवारी संध्याकाळी सगळ्या सिस्टर गुडघे टेकून आठवड्यातल्या आपल्या चुका एकमेकींसमोर मोठ्यानं सांगतात. मी गप्पच राहिले असते, ल्युसी म्हणाली, मी काहीच पाहिलं नव्हतं. पण मेलानी स्वतःच बोलली. म्हणाली, मी एका घरात, घरच्या बाईसमोर बसून भाकर खाल्ली. एक घास नाही, पूर्ण. आणि ती मला गोड लागली.

"मग?"

"मग मदरनं वर कळवलं. कळवावंच लागतं. कागद आला. तिला लांब दक्षिणेत पाठवलं, समुद्राजवळ म्हाताऱ्या सिस्टरांचं घर आहे तिथं. परवाच गेली, बडनेऱ्याहून गाडीनं."

"परत कवा येईन?"

 ल्युसी म्हणाली, "तिथं तिची वऱ्हाडी कुणाला समजेल गं?" आणि एवढी मोठी सिस्टर तोंडावर हात दाबून रडायला लागली. मीही रडले. चिठ्ठी ठेवून जायची मेलानीला परवानगी नव्हती.

मी त्या घरात सात वर्षं राहिले. आधी शाळा आणि मग नर्सिंग. मला तिथं काय मिळालं ते सांगायला बसले तर वेळ पुरणार नाही. घंटेनं उठायची, घंटेनं झोपायची, आणि मधल्या वेळात व्हरांड्याच्या टोकाशी उभी राहून स्वप्नं पाहायची. मेलानी समुद्रकाठी एका बाकावर बसली आहे. लाटा येतात, ती त्यांना विचारते, काहून व माय, एवढी काहून ओरडून राहिली? लाटांना कळत नाही. ती पुन्हा विचारते. मी शंभरदा तिच्या शेजारी जाऊन बसले आणि एकदाही मला उत्तर देता आलं नाही.

मायला मी काही सांगितलं नाही. काय सांगणार होते? तू हट्ट धरला नसतास तर? सुट्टीत घरी गेले की ती विचारायची, "बाई बरी हाये?" मी म्हणायची, "बरी हाये. तुही याद करते." परत निघताना ती बाईसाठी म्हणून उन्हात वाळवलेल्या खारोड्या फडक्यात बांधून द्यायची. त्या मी आणि ल्युसी कण्हेरीमागं उभ्या राहून खायचो. हळूहळू खोटं बोलणं मला इतकं सोपं झालं की मेलानीचा खोकला, तिचा नवा चष्मा, तिनं मायबद्दल काय म्हटलं, सगळं मी रचून सांगू लागले. माय मन लावून ऐकायची.

सहासष्ट-सदुसष्टच्या सुमारास रोमहून नवे कागद आले आणि कितीतरी जुने नियम एकामागून एक गेले. डोक्यावरची कांजी केलेली पट्टी गेली, झग्याचा लांब घोळ आखूड झाला, आणि बाहेरच्यांसोबत जेवायची बंदीही उठली. एका बुधवारी ल्युसी आमच्या घरी मांडी घालून बसली आणि मायच्या हातची भाकर मिटक्या मारत जेवली, वर मिरचीचा ठेचा मागून घेतला. माय तिला आग्रह करून वाढत होती. मी चुलीपाशी बसले होते आणि मला कोणावर तरी भयंकर राग आला होता. कोणावर, ते आजही सांगता येत नाही. पाच-सहा वर्षं. फक्त पाच-सहा वर्षं थांबायचं होतं.

अडुसष्ट साली मला अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात नोकरी लागली. तिथं पुढच्या हिवाळ्यात ल्युसीचं पत्र आलं. मेलानी गेली होती. शेवटच्या आठवड्यात ती जे बोलायची ते तिथल्या कोणाला कळत नव्हतं, सगळ्यांना वाटलं तापात बरळते आहे.

मी रजा घेऊन गावी आले. माय ओट्यावर बसून तुरीची डाळ निवडत होती. दुपार होती, बा वावरात गेला होता. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. भाकर, शुक्रवारची कबुली, कागद, समुद्र. आठ वर्षं मी जे रचून सांगत आले तेही खोटं होतं, हेही सांगितलं. सांगताना मला वाटत होतं की आता माय कोसळेल.

तिचे हात डाळीत तसेच राहिले.

"मले मालूम होतं," ती म्हणाली.

"काय मालूम होतं?"

"पुढच्या बुधवारी ते आली नाई, तवाच समजलं."

"मंग खारोड्या कोणाले धाडे तू?"

"कवातरी खरं सांगशीन म्हून धाडे. तू काई सांगतलं नाई. मीबी मंग इचारलं नाई."

मी तिच्याकडे पाहत राहिले. मला तिला हलवावंसं वाटत होतं, तिच्या कुशीत शिरावंसं वाटत होतं, दोन्ही.

"अन् त्या दिवशी? भाकर खाऊन राहिली होती तवा? तवा तुले वाटलं ना, ते विटाळ धरते म्हून?"

"नाई व." मायनं सूप बाजूला सारलं. "आपला विटाळ धरणाऱ्यायचे हात म्या जलमभर पाह्यले. ते वरून टाकतेत, लांबून टाकतेत, नाक मुरडतेत, पण त्यायचा हात कई थरथरत नाई. तिचा थरथरून राहिला होता. पयल्या घासालेच मले समजलं, हे बाई विटाळ नाई मोडून राहिली, हे आपलं सोताचं काईतरी मोडून राहिली."

"मंग तू थांबवलं काहून नाई?"

 समोरच्या वावरावर ऊन होतं. मायचा आवाज नेहमीचा, खणखणीत नव्हता.

"आपल्यासाठी आजलोक कोणी काई मोडलं होतं का? सांग. कोणीच नाई. मले एकडाव पाहाचं होतं, बाई. पयला घास झाला तठीच तिचा हात धराचा होता म्या. तुले तं म्या तवाच धाडली असती. नाई धरला हात. अख्खी भाकर खाऊ देल्ली."